मुखापासून तिसरी

आईच्या पर्समध्ये तो कागद आहे, हे बर्लला शुक्रवारपासून माहीत होतं. वनखात्याच्या कचेरीतल्या मुलीने त्याला पेट्रोल पंपावर गाठून सांगितलं होतं, "बर्लकाका, तुमच्या आईने आपल्याला तलावापलीकडे पुरण्याचा अर्ज नेलाय. दोन्ही मुलांच्या सह्या लागतील बरं का." आमच्या काउंटीत अशी बातमी शुक्रवारी निघाली की रविवारी चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेली असते. तरी बर्ल एक अक्षर बोलला नाही. त्याने जीपमध्ये कुदळी, फावडी, दाताळी भरली, तळलेल्या कोंबडीचं भांडं बहिणीच्या, नडीनच्या मांडीवर दिलं आणि तलावाचा धक्का येईपर्यंत फक्त हवेबद्दल बोलला.

जूनचा पहिला रविवार होता, थडगी सजवायचा. तलावावर धुकं असं बसलं होतं की पलीकडचा डोंगर कोणीतरी पुसून टाकल्यासारखा वाटत होता. धक्क्याच्या टोकाला झेलाआत्या मांडीवर केकचा डबा घेऊन ताठ बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण पाठीचा कणा अजून कुंपणाच्या खांबासारखा.

"आत्या, तू कधीची आलीस?" बर्लने विचारलं.

"मी वेळेवर आले. तुम्ही कधीचे, ते तुम्ही सांगा."

जीपमधून उतरायला आईला, ऑर्फाला, बराच वेळ लागला. ती एक्क्याऐंशीची होती आणि तिचं हृदय आता, डॉक्टरांच्या भाषेत, उधारीवर चाललं होतं. तिने एका हाताने पर्स धरली होती आणि दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात फुलं होती, हिवाळाभर बसून केलेली. रंगीत कागद कापायचा, पाकळी पाकळी वळवायची आणि मग वितळलेल्या मेणात बुडवायची, म्हणजे पावसातही महिनाभर टिकतात. तलावापलीकडे पुरलेल्या आपल्या मुलीसाठी, लेटीसाठी, ती नेहमी पिवळी करायची.

"वहिनी, तो कागद आणलायस ना?" झेलाने विचारलं. प्रस्तावना करायची टीग घराण्यात पद्धत नव्हती.

"आणलाय."

"मग ऐकून ठेव. हायवेच्या दफनभूमीत माझ्या भावाच्या, हॉबर्टच्या दगडावर तुझं नाव कोरलंय. पंचवीस वर्षं झाली. जन्माचं साल, पुढे एक रेघ, पुढे मोकळी जागा. त्या जागेवर आता काय लिहायचं? भाड्याने देणे आहे?"

"चांगलं भाडं येईल," ऑर्फा शांतपणे म्हणाली. "शेजारी सज्जन आहे. घोरतो तेवढाच."

बर्लला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही. त्याने आईचा दंड धरून तिला बोटीत उतरवलं. दर रविवारी तोच वडिलांच्या थडग्याभोवतीचं गवत कापायचा. त्या दोन नावांच्या दगडापाशी वाकला की त्याला वाटायचं, एक काम तरी पुरं झालंय, एक माणूस तरी कुठे जाणार ते ठरलंय. आणि आता ही म्हणते, मला तिथे नको. बोटीचा दोर सोडता सोडता त्याने बहिणीच्या कानाशी म्हटलं, "मी सही करणार नाही. तू काय ते ठरव."

"मी ठरवलंय," नडीन म्हणाली. "मी करणार आहे."

*

बोट व्हर्लिन चालवायचा. एकसष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, तीन नातवंडांचा आजोबा. पण ऑर्फा बोटीत बसली की त्याची टोपी आपोआप हातात यायची. ती शिकवायची त्या बर्चलिकच्या शाळेत तो चार वर्षं तिच्यासमोर पहिल्या बाकावर बसला होता, हुशार म्हणून नाही, डोळ्यांसमोर असावा म्हणून.

"व्हर्लिन, ओढे सांग," तलावाच्या मध्यावर आल्यावर ऑर्फा म्हणाली.

"बाई, आता या वयात?"

"ओढ्यांचं वय वाढलंय का?"

व्हर्लिनने खाकरून घसा साफ केला. नडीन दरवर्षी हे ऐकायची आणि दरवर्षी तिला वाटायचं की आपण परक्या घरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसलोय. "मोठ्या नदीपासून वर," तो म्हणू लागला, "पहिला बर्चलिक. मग हॅनाचा ओढा, मग पँथर फोर्क, मग कोल्ड स्प्रिंग. बर्चलिकच्या मुखाशी टीग. त्यांच्यावर प्रुइट. त्यांच्यावर गिरणी आणि हायडांची दोन घरं."

"आणि उगमाशी?"

"उगमाशी अस्वलं आणि मेथडिस्ट, बाई."

झेलासुद्धा हसली. आमच्याकडे सगळे बाप्टिस्ट, मेथडिस्ट म्हणजे दुसऱ्या पंथाचे. तो विनोद त्या ओढ्याइतकाच जुना होता. ऑर्फाने मान हलवली. "मुखापासून सुरुवात केलीस हे बरं. मुखापासून निघालेला माणूस कधी चुकत नाही. उगम दहा असतात, मुख एकच."

हे वाक्य त्या काउंटीतल्या साठीच्या पुढच्या प्रत्येकाला पाठ होतं. तिच्या हाताखाली शिकलेली माणसं आजही चर्चमधले बाक, मक्याच्या ओळी, कुंपणाचे खांब, सगळं खालच्या बाजूने वर मोजायची.

नडीनला मात्र ती शाळा माहीतच नव्हती. त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात ती जन्मली आणि नोव्हेंबरात धरणाचं पाणी चढलं. खोऱ्यातल्या घरांमधलं शेवटचं मूल, म्हणून लोक तिच्याकडे कौतुकाने बघायचे; आणि ती बघायची फक्त पाणी. अठरा वर्षांची झाल्यावर ती ओहायोत डेटनला कारखान्यात गेली आणि तिथलीच झाली. तिथे संध्याकाळी बसथांब्यावर उभी असताना तिला कधी कधी घरची आठवण यायची, पण ती नेमकी कशाची हे तिला सांगता यायचं नाही. आठवायला तिच्याकडे काही नव्हतंच. जे काही होतं ते या बोटीखाली, साठ हात पाण्यात.

"व्हर्लिन, इथे जरा हळू घे," ऑर्फा म्हणाली.

त्याने इंजिन बारीक केलं.

"इथे शाळा," ऑर्फा नडीनला म्हणाली. "तुला सांगितलंय का गं मी, लेटी शाळेत यायची ते?"

"सांगितलंयस, आई." वीसदा सांगितलं होतं. "पण सांग."

"तीन वर्षांची पोर. घरी कोणी नसायचं, म्हणून बरोबर आणायची. शेवटच्या बाकावर पाटी घेऊन बसायची. सुट्टी झाली की उगमाकडची मुलं आधी सोडायची, त्यांना लांब जायचं असायचं. मग मधली. मग मुखाकडची. आणि सगळ्यात शेवटी ही, कारण हिची आईच शेवटी निघायची. दाराशी उभी राहून विचारायची, 'अजून किती?' मी म्हणायचे, 'एवढा फळा पुसते, की निघू.'" ऑर्फाने पाण्याकडे बघितलं. "एकतीसच्या फेब्रुवारीत घटसर्पाने गेली. तेव्हापासून ती शेवटच्या बाकावर बसलीय, नडीन. आणि माझा फळा काही पुसून होत नाही."

 तीन वर्षांच्या त्या बहिणीचा नडीनला जन्मभर हेवा वाटत आला होता, आणि हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. आई तिला फोनवर लोकांचे पत्ते, हवा, चर्चमधली लग्नं सांगायची. पण गेल्या महिन्यात पहिल्यांदाच तिने काही मागितलं होतं. "तुझी सही लागेल. मला लेटीशेजारी ठेवा." नडीनने विचार न करता हो म्हटलं होतं. आईने आपल्याकडे काही मागावं, यासाठीच जणू ती इतकी वर्षं फोनजवळ बसून होती.

*

पलीकडे उतरल्यावर चढ लागतो. पूर्वी ती गाडीवाट होती. आता तिच्यात मनगटाएवढी झाडं उभी होती. ऑर्फा वीस पावलांवर थांबली. मग पंधरावर. मग दहावर. तिचे ओठ निळसर पडलेले पाहून बर्लने आणि व्हर्लिनने एकमेकांची मनगटं धरली, हातांची खुर्ची केली आणि तिला उचललं.

"मी इतकी हलकी झालेय का?" ऑर्फाने विचारलं.

"नाही बाई," व्हर्लिन धापा टाकत म्हणाला. "हुशारीचं वजन राहिलंयच की."

मागून कोंबडीचं भांडं घेऊन चढता चढता नडीनचा निश्चय पावलागणिक ढासळत गेला. ही वाट. ही बोट. वर्षातून एक दिवस. बर्लचे गुडघे आत्ताच दुखतात. दहा वर्षांनी इथे कोण येईल? डेटनहून आपण? आपली मुलं, ज्यांना या काउंटीचं नाव धड उच्चारता येत नाही? आई इथे आली की तिच्यावरही झाडं उगवतील. तिच्या मनात एकदम आलं की खोरं गेलं तसं आपण आईलाही पाण्यात सोडतोय.

टेकडीवर बाकीची आठ-दहा घरं आधीच कामाला लागली होती. आमच्याकडे कबरींवर गवत ठेवत नाहीत. गवत खरवडून काढतात, माती मोकळी करतात आणि नव्याने उंच वरंबा रचतात, माणूस कालच पुरल्यासारखा. टीग-प्रुइटांची रांग उतारावर होती. म्हणायला आठ थडगी, नुसते ओढ्यातले दगड, एकावरही अक्षर नाही. धरणाच्या वेळी कबूल केलेला रस्ता झालाच नाही; अठ्ठ्याहत्तर साली बोटीने पहिल्यांदा परत आले तेव्हा तिथे नुसतं रान होतं. लेटीची जागा शोधायलाच सकाळ गेली होती.

बर्ल लेटीच्या थडग्याशी वाकला होता. नडीन त्याच्याजवळ गेली.

"बर्ल, मला नाही वाटत की... तुझंच बरोबर आहे. मी सही करत नाही."

त्याने कुदळ थांबवली. "आता?"

"आता. वर चढताना बघितलंस ना तिचं तोंड?"

"बघितलं," बर्ल म्हणाला. त्याने हाताने मातीतलं एक मूळ उपटलं. "मी तिला उचलली होती, नडीन. तू मागे होतीस. मी अर्ध्या वाटेवर होतो तेव्हा तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. आजपर्यंत कधी टेकलं नव्हतं. म्हणाली, 'घरी आले की सांग.'" त्याने मुळावरची माती झटकली. "मी दहा वर्षांचा होतो इथून निघालो तेव्हा. मी विसरलोय असं सगळ्यांना वाटतं. मला आमच्या दाराची कडी आठवते. तिचा आवाजसुद्धा. तिला इथेच यायचंय तर मी उचलून आणेन."

"गुडघ्यांनी?"

"व्हर्लिनच्या गुडघ्यांनी."

दोघं भाऊबहीण एकमेकांकडे बघत राहिली. सकाळी एकीचं हो होतं आणि एकाचं नाही. डोंगर चढता चढता दोघांनी आपापली ओझी बदलून घेतली होती.

*

जेवण फळ्यांवर मांडलं होतं. कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव, लोणच्यातलं बीट, आणि झेलाचा सुकवलेल्या सफरचंदांचा सात थरांचा केक. उपदेशकाने प्रार्थना आटोपती घेतली, कारण केक सगळ्यांनाच दिसत होता. जेवून लोक सावलीत पांगले. टीगांची चौघं रांगेपाशी राहिली. व्हर्लिन जरा दूर झाडाला टेकून टोपी तोंडावर घेऊन पडला होता.

ऑर्फा लेटीच्या वरंब्याशेजारी खुर्चीवर बसली होती. पिवळी मेणफुलं मातीत नीट खोचून झाली होती. तिने पर्स उघडली आणि कागद बर्लकडे दिला.

"आई, मी नाही करणार," नडीन म्हणाली आणि रडायला लागली. "मी हो म्हटलं होतं. पण मी आता नाही..."

"रडू नकोस. 'नाही' हेही उत्तर असतं. बर्ल?"

बर्लने खिशातून पेन काढलं. "दे तो खोक्याचा पुठ्ठा, खाली धरायला. मी करतो. नडीनला मी समजावतो."

झेला केकचा रिकामा डबा पुसत होती. तिने पेनचं टोपण निघताना बघितलं आणि तिचा हात थांबला.

चव्वेचाळीस वर्षं तिने मनातल्या मनात याची तयारी केली होती आणि प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं होतं, अजून वेळ आहे. सकाळी धक्क्यावर ती भावाच्या दगडावरून भांडली, ते भांडण सोपं होतं. भावाच्या नावाआड उभं राहता येत होतं. तिला वाटलं होतं बर्ल अडून बसेल. बर्ल कधी ऐकायचा नाही, बापावर गेलेला. आणि आज नेमका तोच वितळला.

"बर्ल, सही करू नकोस," ती म्हणाली.

"आत्या, आता दगडाचं पुरे."

"दगडाचं नाही." डबा तिच्या हातातून गवतावर पडला. "ती तिथे नाहीये."

"कोण?"

"लेटी."

 झेला उभी राहिली, पण तिची पाठ आता ताठ नव्हती. ती ऑर्फाकडे बघून बोलू लागली आणि तिच्या तोंडून साठ वर्षांपूर्वीचं संबोधन आपोआप बाहेर आलं.

"बाई, धरणाच्या वेळी ज्यांना आपली माणसं हायवेकडे हलवायची होती त्यांची थडगी उकरायला माणसं आली, तेव्हा तुम्ही नडीनच्या वेळी डोंगरापलीकडे माहेरी होतात, आठवतं? तीन आठवडे. हॉबर्ट कामावर. हॉबर्टने लेटीला हलवायचं नाही असं लिहून दिलं होतं, इथवर रस्ता होणार म्हणून. या रांगेतला एकच हलवायचा होता, प्रुइटांचा एल्मर. प्रुइट आधीच मिशिगनला गेलेले. खोदणाऱ्या माणसाने मला विचारलं, कुठला? माझ्या कडेवर मूल, खाली गाडी अर्धी भरलेली. मी फाटकातूनच ओरडले, 'तिसरा!'"

"मग?" बर्ल म्हणाला.

"मी खालून मोजलं. मुखाकडून. आपण मोजतो तसं. तो माणूस परका. तो वर उभा होता, त्याने वरून मोजलं. आणि खालून तिसरं थडगं लहान, वरून तिसरंही लहान. त्याला शंका यायचं कारणच नव्हतं."

नडीनने आठ वरंब्यांवरून नजर फिरवली. आठ नव्हतेच. सात होते. वरून तिसऱ्या जागी नेच्यांनी भरलेला एक लहान खड्डा होता. ती नेहमी समजत आली होती की तिथे कधीकाळी झाड असेल.

"तुला कधी कळलं?" ऑर्फाने विचारलं. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता.

"पुढच्या मार्चमध्ये. हायवेला, एल्मरच्या थडग्यावर डॅफोडिल उगवले. दुहेरी पाकळ्यांचे, मधे हिरवट. तुमच्या आईच्या अंगणातले. तुम्ही लेटीवर लावले होते ते. पेटीबरोबर माती आली, मातीबरोबर कंद आले."

ऑर्फाने डोळे मिटले. पंचवीस वर्षं ती मार्चमध्ये नवऱ्याच्या थडग्याकडे जाताना त्या फुलांवरून जात होती. एकदा तर त्यातली दोन तोडून तिने हॉबर्टच्या दगडावर ठेवली होती. आईकडचे कंद सगळ्या ओढ्याने नेले होते. प्रुइटांनीही नेले असतील, असं तिला वाटलं होतं.

"आणि अठ्ठ्याहत्तर साली?" बर्लचा आवाज चढला. "आत्या, तूच हात धरून आईला इथे आणलंस. 'ही बघ वहिनी, ही लेटी,' म्हणालीस. मी इथेच उभा होतो!"

"हो."

"खोटं बोललीस!"

"हो. ती पस्तीस वर्षांनी आली होती रे. रानात इकडून तिकडे फिरत होती. मला नाही बघवलं."

"बर्ल, आवाज खाली," ऑर्फा म्हणाली. मग तिने बराच वेळ वरंब्याकडे, स्वतःच खोचलेल्या पिवळ्या फुलांकडे पाहिलं. "मला वाटलं होतं त्या दिवशी. ती जरा वर होती, असं मला आठवत होतं. तिथून गिरणीचं छप्पर दिसायचं. पण मी म्हटलं, पस्तीस वर्षांत डोंगरसुद्धा सरकतात. मला कुठेतरी गुडघे टेकायचे होते, झेला. तू जागा दाखवलीस, मी टेकले. तुझं खोटं मी अर्धं वाटून घेतलं."

झेला तोंडावर पदरासारखा एप्रन धरून उभी होती.

"एप्रन खाली घे," ऑर्फा म्हणाली. "फाटकाशी जा. आणि रांग मोज."

"वहिनी..."

"मोज. मोठ्याने."

चौऱ्याहत्तर वर्षांची झेला उतारावरून खाली गेली, फाटक असायचं त्या जागी उभी राहिली आणि वर चढत एकेका दगडावर हात ठेवू लागली. "एक. दोन. तीन."

"तीन कोण?"

"एल्मर प्रुइट."

"पुढे."

"चार. पाच." नेच्यांपाशी ती थांबली. तिथे हात ठेवायला दगड नव्हता. तिने हात पानांवरच ठेवला. "सहा."

"सहा कोण?"

"लेटी, बाई."

"बरोबर," ऑर्फा म्हणाली. "मी शिकवलं तसंच मोजलंस. मी तुला मुखापासून मोजायला शिकवलं, पण कुठून मोजलं ते समोरच्याला सांगायचं असतं, हे शिकवायचं राहिलं. खाली बस."

झेला तिथेच, नेच्यांच्या कडेला, बसली.

*

बर्लच्या हातात पेन अजून उघडंच होतं. ऑर्फाने त्याच्याकडून कागद घेतला, उलटा केला आणि परत दिला. "मागची बाजू कोरी आहे. लिही. सगळ्यात वर लिही: मुखापासून. मग एक ते आठ. मी नावं सांगते. पुढच्या हिवाळ्यात ओढ्यातले आठ दगड आण आणि नावं कोर. सहाव्यावर लिही, लेटी इथे होती."

बर्लने लिहिलं. नावं संपली तेव्हा ती पुढे वाकली आणि तिसऱ्या वरंब्यावरची एक कललेली मेणाची पाकळी सरळ केली.

"ही काढायची का, आई?" नडीनने विचारलं. "तिकडे न्यायला?"

"दिलेली फुलं कोणी परत घेतं का? दहा वर्षं मी याला गोष्टी सांगितल्यात. एवढासा पोरगा, दुसऱ्याच्या नावाने बोलावलं तरी चुपचाप ऐकत होता." तिने वरंब्यावर दोनदा थोपटलं. "एल्मर, तुझी आई खूप लांब गेली. पुढच्या वर्षी तुला निळी फुलं येतील. मुलांना निळी आवडतात."

परतताना व्हर्लिनने न सांगता शाळेवर इंजिन बारीक केलं. त्याने सगळं ऐकलं होतं. टोपी तोंडावर असली की माणसाचे कान उघडेच असतात. या वेळी ओढे सांगायला कोणी म्हटलं नाही. तरी पाण्यावर कोणीतरी हळूच म्हणू लागलं, "पहिला बर्चलिक. मग हॅनाचा ओढा." सगळ्यांनी वळून पाहिलं. नडीन होती. पँथर फोर्कपाशी ती अडली, तेव्हा झेलाने पुढचं नाव सांगितलं.

हायवेच्या दफनभूमीत पोचले तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. वरून ट्रक जात होते. हॉबर्टच्या दगडापासून नऊ पावलांवर ती सरकारी दगडांची बुटकी रांग होती. ऑर्फाने कोणाचा हात धरला नाही. फाटकापासून मोजत गेली आणि बरोबर दगडापाशी थांबली. एल्मर प्रुइट, एवढंच त्याच्यावर होतं. फुलांचा हंगाम कधीच सरला होता. डॅफोडिलच्या पिवळ्या पडलेल्या पाती मात्र कोणीतरी एकत्र घेऊन त्यांची वेणी घातली होती, घट्ट, तीन पेडांची, टोकाला गवताची गाठ.

दरवर्षी ही वेणी तिने पाहिली होती. प्रुइटांपैकी कोणीतरी येत असेल, असंच तिला वाटलं होतं.

"लेटीची वेणी मीच घालायचे ना," मागून झेला म्हणाली. "तुला शाळेची घाई असायची."

ऑर्फाने मागे न बघता हात पुढे केला. झेलाने तो धरला आणि तिला हळूहळू गुडघ्यांवर बसवलं.

"हॉबर्ट मेला त्यालाही पंचवीस वर्षं झाली," ऑर्फा म्हणाली. "नऊ पावलांवर होती पोर. दोघांनाही कोणी सांगितलं नाही."

मग ती म्हणाली, "बर्ल, माझं नाव कोरलंय तिथेच राहू दे. जागा चांगली आहे. इथून हाक ऐकू येईल." त्यानंतर तिने हातानेच त्यांना जायला सांगितलं, सुट्टी झाल्यावर वर्गाला सांगावं तसं. तिघं जीपकडे निघाली. बर्लने एकदा वळून पाहिलं.

आई वाकली होती. नोव्हेंबरात तो तिच्यासाठी वडिलांच्या दगडावर दुसरं साल कोरणार होता आणि या बुटक्या दगडावर लेटीचं नाव. पण आत्ता तो फक्त तिची पाठ बघत होता आणि वारा त्याच्याकडे होता, म्हणून त्याला ऐकू आलं.

"फार वेळ थांबावं लागलं ना तुला?" ती त्या वेणीवरून हात फिरवत म्हणत होती. "झालंच हं बाळा. एवढा फळा पुसते, की निघू."